मिरजेतलं सर्जिकलचं दुकान: ६-० सिल्क, टॅटूची शाई आणि पोटातली अकरा पिल्लं

पहिलंच सांगते, सर्जिकलच्या दुकानात जाऊन "काका, उंदराच्या पोटातल्या पिल्लांना खूण करायचीय, काहीतरी द्या" असं म्हणू नका. मी म्हटलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "ताई, उंदराचं औषध पलीकडं कृषी केंद्रात मिळतंय." मागं क्रेप बँडेज घ्यायला आलेला वॉर्डबॉय फिसकन हसला आणि माझी ज्युनिअर दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली, आजपर्यंत ती किस्सा सगळ्यांना सांगते.

तर दुकान मिरजेत आहे, हॉस्पिटलांची गर्दी आहे त्या भागात. नाव लिहीत नाही, कारण खाली थोडी कुरबुर पण आहे आणि काका माणूस चांगला आहे. सांगलीतनं सिटी बसनं विश्रामबागमार्गे गेलात तर उतरून पाच मिनिटं चालायचं. कर्नाटकातनं पेशंट येतात त्यामुळं काउंटरवर कानडी आणि मराठी एकाच वाक्यात चालू असतं. मला जे लागलं ते तिथं मिळालं, जे नाही मिळालं ते मागवून दिलं, आणि एकदा चुकीचं घेतलं ते न कुरकुरता परत घेतलं. पाचात चार देते. एक का कापला ते येईलच.

आधी हे सगळं मला कशाला लागतं ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरनं जाईल. मी फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, पीएचडी करते. विस्टार जातीच्या गाभण उंदरीणी असतात (घरातला उंदीर नव्हे ओ, पांढरे, लाल डोळ्यांचे), त्यांच्या पोटातल्या काही पिल्लांना औषध द्यायचं, काहींना नाही, आणि जन्मल्यावर बघायचं कोणात काय फरक पडला. म्हणजे आई एकच, खाणंपिणं एकच, आणि तुलना भावंडाभावंडात. कागदावर लई भारी वाटतं. पण पिल्लं बाहेर आली की सगळी सारखी, गुलाबी, शेंगदाण्याएवढी, पाच-सहा ग्रॅमची. त्यातलं औषधवालं कुठलं आणि बिनऔषधाचं कुठलं? आमच्या ॲनिमल हाऊसचे मामा म्हणाले, "म्हणजे बारशाच्या आधीच नाव ठेवायचं म्हणा की." अगदी तेच.

उंदरिणीचं गर्भाशय आपल्यासारखं एका पिशवीचं नसतं, दोन शिंगं असतात, डावं आणि उजवं, आणि प्रत्येकात पिल्लं माळेत मणी ओवावेत तशी रांगेनं. दहा-बारा असतात साधारण, दिवस भरायला २१ ते २३ दिवस. जिथं जीव धरला तिथंच राहतात, या शिंगातनं त्या शिंगात जात नाहीत. म्हणून आत आहेत तोवर जागा हाच त्यांचा पत्ता. डाव्या शिंगात अंडाशयाकडनं तिसरं, उजव्यात दुसरं, असं. लॅबमध्ये नंबर द्यायची पद्धतपण हीच, डाव्याच्या अंडाशयाच्या टोकापासून सुरू करायचं आणि मेलेलं, विरघळत चाललेलं पिल्लू असेल तर त्यालापण नंबर द्यायचा, वगळायचं नाही. ओईसीडीच्या ४१४ नंबरच्या गाईडलाईनचं (पोटातल्या पिल्लांवर रसायनांचा काय परिणाम होतो ते तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत) काम असेल तर प्रत्येक गटात वीसेक गाभण माद्या लागतात, म्हणजे दोन-अडीचशे पिल्लं एका गटाची, एक नंबर हुकला तर पुढचे सगळे हुकतात.

पण पिल्लू जागेवरनं हललं की पत्ता गेला. नैसर्गिक बाळंतपणात दोन्ही शिंगातनं पिल्लं कशीही आलटून पालटून येतात, त्यामुळं कोण आधी आलं यावरनं कोण कुठं होतं हे कळत नाही. शिवाय बाळंतपण बऱ्याचदा अडचणीच्या वेळी, आणि जे पिल्लू मेलेलं किंवा रक्ताळलेलं असेल ते आई खाऊन टाकते. सकाळी येऊन मोजलं तर अकराची आठ. त्यामुळं मला दोन वस्तू हव्या होत्या, एक जागेला खूण करायला आणि एक पिल्लाला. हे दोन वेगळे आहेत हे मला गाईडनी सांगितलं नव्हतं, पहिल्या दोन उंदरिणी वाया गेल्यावर कळलं.

जागेला खूण म्हणजे धागा. ऑपरेशन करताना गर्भाशयाच्या भिंतीला बाहेरनं एक वरचेवर टाका घालायचा, दोन पिल्लांच्या मधल्या जागेत. ज्या बाजूनं रक्तवाहिन्या येतात तिकडं वार असते, तिथं सुई घातली तर रक्त थांबत नाही, म्हणून उलट्या बाजूला. यासाठी काकांकडनं ६-० काळं सिल्क घेतलं (६-० म्हणजे धाग्याची जाडी, एकदम बारीक), आणि पहिल्याच खरेदीत घोळ झाला. मी फक्त "६-० सिल्क" म्हटलं, त्यांनी दिलं, सुई कटिंगची निघाली. डोळ्याच्या ऑपरेशनवाले तसलीच नेतात म्हणे. कटिंग सुई गर्भाशयाच्या भिंतीत घातली की भोक गोल राहत नाही, फाटत जातं आणि आतलं पाणी झिरपायला लागतं, पाणी गेलं की पिल्लू गेलं. एक गेलंच माझं तसं. दुसऱ्या दिवशी न फोडलेले पाऊच घेऊन गेले तर काकांनी पाऊचवरची खूणच दाखवली, त्रिकोण असेल तर कटिंग, गोल आणि मधे टिंब असेल तर राउंड बॉडी. "ताई हे बघूनच घ्यायचं, दोरा सगळे विचारतात सुई कोण विचारत न्हाई." बदलून दिलं, वरचा फरक घेतला फक्त. हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं असं मला अजून वाटतं, पण मीपण पाऊच उलटून बघितला नव्हता.

कॅटगट घेऊ नका, स्वस्त पडतो म्हणून बऱ्याच कॉलेजात अजून वापरतात. तो जनावरांच्या आतड्यापासनं केलेला असतो, शरीर त्याला पचवायला निघतं आणि टाक्याभोवती सूज येते, मग औषधानं सूज आली की धाग्यानं हे सांगता येत नाही. दोन रंग हवेत म्हणून काळ्या सिल्कसोबत निळं पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिकचा धागा) घेतलं होतं, काळा टाका म्हणजे औषधवालं, निळा म्हणजे नुसती सुई टोचलेलं. कल्पना चांगली पण ते निळं ताठ असतं मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखं, गाठ सुटते, टोकं टोचतात. शेवटी दोन्हीकडं काळंच वापरलं, औषधवाल्याला दोन गाठी आणि दुसऱ्याला एक. ज्युनिअर म्हणाली होती की मिरजेत आलोच आहोत तर सतारमेकर गल्लीतनं तंबोऱ्याच्या घोडीवर घालतात तो धागा घेऊया, तो पण बारीक असतो. तिला म्हटलं बाई, स्टराईल असतो का तो. पण खरं सांगते एक मिनिट विचार केला होता मी.

आता शाई. यात मला जास्त सांगायचंय.

धागा भिंतीला असतो, पिल्लाला नाही. सिझर करून काढणार असाल तर धागा पुरतो, उघडलं की दिसतोय कुठला कुठं. पण जन्मल्यावर पिल्लू वाढवून महिना दीड महिन्यानं त्याचं वागणं तपासायचं असेल तर खूण त्याच्या अंगावरच हवी. कान टोचणं, बोट छाटणं वगैरे जन्मल्यानंतरचं झालं, आणि बोट छाटायला आता कुठलीच एथिक्स कमिटी सहजासहजी हो म्हणत नाही, बरंच आहे ते. पोटात असताना छोटी जखम करून खूण ठेवू असं आमच्या एका सरांनी सुचवलं होतं, पण गंमत अशी की उंदराच्या गर्भाची कातडी साधारण सोळाव्या दिवसापर्यंत जखम झाली तर अशी भरून येते की व्रणच राहत नाही, अठराव्यानंतर मग मोठ्यांसारखा व्रण राहायला लागतो. म्हणजे लवकर केलेली खूण पुसून जाणार. आपल्याला हवा तो व्रण आणि निसर्ग नेमका तेव्हाच सफाईदार.

म्हणून कातडीखाली शाईचा ठिपका. काकांना शाई म्हटल्यावर त्यांनी मिथिलिन ब्लूची बाटली काढली, बाजूला लॅबचं सामान पण ठेवतात ते, आणि स्वस्त असते, आणि निळीशार दिसते. घेणार होते मी. मग आठवलं. माणसांत जुळं असलं आणि दोन्ही पिशव्यांतलं पाणी तपासायचं असलं की डॉक्टर पहिल्या पिशवीत रंग टाकायचे, म्हणजे दुसऱ्यांदा सुई घातल्यावर रंगीत पाणी आलं तर कळावं की त्याच पिशवीत आलो. त्यासाठी मिथिलिन ब्लू वापरायचे आणि १९९० च्या दशकात लक्षात आलं की त्या बाळांमध्ये लहान आतडं बंद असण्याचं प्रमाण जास्त आहे, काही बाळं पोटातच गेली. मग ते बंद झालं. म्हणजे खूण करायला टाकलेल्या रंगानंच बाळाला इजा. तेव्हा कुणी स्वस्तात मिथिलिन ब्लू पुढं करेल तर नको म्हणा, स्लाईड रंगवायला न्या हवी तर. काकांना हे सांगितलं तर ते बाटली हातात धरून जरा वेळ बघतच राहिले, "तीस वर्षं विकतोय" म्हणाले.

चित्रकलेची काळी इंडियन इंक पण नको, ती चिकटावी म्हणून त्यात लाख आणि टिकावी म्हणून आणखी काय काय घातलेलं असतं. जनावरांसाठीची कार्बनची टॅटू शाई हवी, काळी. रंगीत पण मिळते पण पांढऱ्या उंदरावर काळ्यासारखं काही नाही. काकांकडं नव्हती, त्यांनी कुठल्यातरी डीलरकडनं मागवली, आठवड्यात येईल म्हणाले, तीन आठवडे लागले. आली ती झाकण सैल, निम्मी खोक्यात सांडलेली, पुठ्ठा काळाकुट्ट. काकांनी फोटो काढून डीलरला पाठवला, डीलर म्हणे ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, ट्रान्सपोर्टवाला म्हणे पॅकिंगवाल्याला. तोवर माझ्या उंदरिणीचा सतरावा दिवस काय थांबतोय. इथं तो एक स्टार कापला. नंतर दुसरी बाटली आली, पैसे नाही घेतले त्यांनी, पण एक बॅच माझी हुकली ती हुकलीच. शाई आल्यावर बाटली उभी ठेवून तळ बघा, गुठळ्या बसतात, नीट हलवून घेतल्याशिवाय बारीक सुईतनं नुसतं पाणी जातं आणि शेवटी एकदम ढेकूळ.

सुई मात्र या दुकानात मस्त मिळते, इन्सुलिनची सिरिंज. डायबेटिसवाल्यांमुळं ढिगानं ठेवतात, बारीक असते आणि सुई पक्की जोडलेली असते त्यामुळं आत शाई वाया जात नाही. पण हे नीट वाचा. लाल टोपीची येते ती यू-४०, केशरी टोपीची यू-१००. लालच्या एका युनिटमध्ये २५ मायक्रोलिटर, केशरीच्या एका युनिटमध्ये १०. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या बऱ्याच यू-४० च्या असतात म्हणून नुसतं "इन्सुलिन सिरिंज द्या" म्हटलं की लाल टोपीचीच हातात येते. मी लिहून दिलं होतं अर्धा युनिट, म्हणजे केशरीचा हिशेब धरून ५ मायक्रोलिटर. ज्युनिअरनं आणल्या लाल, भरला अर्धा युनिट, गेले साडेबारा. सतराव्या दिवसाचं पिल्लू जेमतेम ग्रॅमभर असतं ओ. बाहेर आल्यावर दोन पिल्लांची पाठ बैलाला झूल घातल्यासारखी काळी. ठिपका कुठं आणि काय कुठं. मामा म्हणाले "यांना नंबर कशाला, ही लांबनंच ओळखू येतात." तिला रागावले नाही मी, कारण टोपीचा रंग मीपण लिहिला नव्हता.

ठिपक्याची पद्धत आम्ही अशी ठेवली: गर्भाशय बाहेर काढून कोमट सलाईननं ओलं ठेवायचं, मागनं थंड लाईट लावायचा म्हणजे भिंतीतनं पिल्लू सावलीसारखं दिसतं, डोकं कुठं पाय कुठं ते कळतं. औषधवाल्याला उजव्या बाजूला ठिपका, नुसतं सलाईन दिलेल्याला डाव्या. दोघांनाही ठिपका हवाच, कारण सुई टोचण्यानं आणि शाईनं काय होतं तेपण वजा करायला लागतं, खूण फक्त औषधवाल्यालाच केली तर शेवटी तुम्ही औषध तपासता की शाई हेच कळत नाही. आणि एक-दोन पिल्लं अजिबात हात न लावता सोडायची. उंदरिणीला पूर्ण भूल, नंतर वेदनाशामक, आणि हे सगळं कमिटीच्या परवानगीनं, फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरून, ते आधी केल्याशिवाय धागासुद्धा घ्यायला जाऊ नका. भुलीचं केटामाइन या दुकानात मागू नका बरं का, २०१३ पासून ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, काका नुसतं नाव काढलं तरी हात जोडतात.

एकविसाव्या दिवशी सकाळी सिझर केलं. अकरा पिल्लं धरली होती, नऊ जिवंत निघाली, दोन शिंगाच्या टोकाला विरघळलेली, काळपट गाठीसारखी. नऊतल्या सातांचे ठिपके स्पष्ट, एकाचा फिका, लाईटखाली धरल्यावर दिसला, आणि एकाचा दिसलाच नाही. ते नववं कुठलं हे आम्हाला कळलं ते धाग्यामुळं आणि मामांच्या नकाशामुळं. मामांनी जुन्या दिनदर्शिकेचं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीनं दोन शिंगं काढली होती, म्हशीच्या शिंगासारखी, आणि प्रत्येक मण्यात काय केलं ते लिहिलेलं, "इथं जरा रक्त", "इथं दोन गाठी". सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं मी नंतर यावरनंच दुरुस्त केलं.

हा नकाशा नुसता हिशेबापुरता नसतो. १९८० मध्ये फ्रेडरिक वोम साल आणि ब्रॉन्सन या संशोधकांनी छोट्या उंदरांवर (इंग्रजीत माऊस, आमचे विस्टार ते रॅट) दाखवलं की दोन भावांच्या मधे वाढलेल्या मादीला पोटातच जास्त टेस्टोस्टेरॉन मिळतं आणि मोठी झाल्यावर ती जास्त भांडखोर निघते. शेजार महत्त्वाचा, आणि शेजारी कोण होता ते सिझर करून जागेवरनंच कळतं, जन्मल्यावर विचारायची सोय नाही.

पिल्लं दुसऱ्या दाईकडं ठेवायची असतात, त्यासाठी त्याच दिवशी व्यालेली दुसरी उंदरीण तयार हवी. आणि ज्यांची हाडं रंगवायची ती वेगळी. लाल ॲलिझरिननं हाड, निळ्या ॲल्शियननं कूर्चा, मस्त दिसतं ते, काचेतल्या माशासारखं. त्या बाटल्यांतल्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहा. मी जेल पेननं लिहिल्या, दुसऱ्या दिवशी अल्कोहोल निळं आणि चिठ्ठी कोरी. आठ बाटल्या, आठ कोऱ्या चिठ्ठ्या. या खर्चाचा हिशेब अजून मी गाईडना सांगितलेला नाही.

चिठ्ठीवरनं आठवलं, काकांनी एकदा हौसेनं नवजात बाळाच्या हातात बांधतात ते गुलाबी-निळे पट्टे दाखवले होते, "ताई हे घ्या की, नाव लिहायला जागा पण हाय." पट्टा उंदराच्या पिल्लाला नाही, अख्ख्या उंदरिणीच्या कमरेला बसला असता. पण विचार केला त्यांनी माझ्या कामाचा, एवढं कुठला दुकानदार करतो. आता गेलं की स्वतःच विचारतात, गोल सुईच ना, केशरी टोपीच ना.

बाकी व्यवहाराचं. दुपारी जेवायला दुकान बंद असतं तेव्हा लांबून येत असाल तर फोन करून या, गाडी लावायला जागा अजिबात नाही, ॲम्ब्युलन्सच्या वाटेत लावली तर लोक ओरडतात आणि बरोबर ओरडतात. सिल्क एकेक पाऊच सुटा देतात, अख्खा डझन घ्यायची सक्ती नाही, विद्यार्थ्यांना हे फार सोयीचं. एक्स्पायरी बघून घ्या, एकदा दोन महिन्यांवर आलेला माल मिळाला होता, दाखवल्यावर बदलून दिला. टॅटू शाई हवी असेल तर महिनाभर आधी सांगा आणि आल्यावर खोकं काउंटरवरच उघडा. बिल कॉलेजच्या नावानं लागत असेल तर कॉलेजचा जीएसटी नंबर आधीच लिहून न्या, बिल एकदा निघालं की काकांचा मुलगा ते कॉम्प्युटरवर बदलेपर्यंत तासभर जातो आणि तो मुलगा संध्याकाळी पाचनंतरच दुकानात असतो.